विद्यापीठाच्या अंगणातील मैफल



सिकंदराबादहून फलकनुम्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीत बसले की सीताफळमंडी मागे पडल्यावर आर्ट्स कॉलेज, जामिया उस्मानिया आणि विद्यानगर अशी तीन स्थानके लागोपाठ येतात. एका विद्येच्या नावाने तीन स्थानके क्वचितच कुठल्या गावात असतील. आमच्या विद्यानगरातील मराठी मंडळींना याचा थोडा अभिमानही वाटतो. विद्यापीठ शेजारी आहे, तेव्हा विद्या आपोआप घरात येईल असा आमचा भाबडा समज असतो. विद्या अशी येत नाही हे निराळे. परंतु सूर मात्र येऊ शकतो. संध्याकाळी विद्यापीठाच्या एखाद्या सभागृहात सतार लागली आणि दार उघडे असले, तर फिरायला निघालेला शेजारी आत डोकावतोच. आज मी बोलणार आहे ते या उघड्या दाराविषयी.

विद्यापीठात संगीत, नृत्य आणि नाट्य यांचा शिरकाव तीन वाटांनी होतो. एक वाट विभागाची : तेथे कला शिकवतात, परीक्षा घेतात आणि पदवी देतात. दुसरी वाट स्पर्धेची, म्हणजे युवक महोत्सवाची. तिसरी वाट मालेची. वर्षातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, विद्यापीठाने कलावंतांना पाचारण करायचे आणि विद्यार्थ्यांनी केवळ ऐकायचे, पाहायचे. पहिल्या दोन वाटा आपल्याकडे बऱ्यापैकी रुळल्या. तिसरी मात्र पावसाळ्यातल्या पाऊलवाटेसारखी दर दोनचार वर्षांनी गवतात हरवते. कोणी हौशी प्राध्यापक ती पुन्हा पाडतो, तो निवृत्त झाला की गवत पुन्हा वाढते.

वस्तुतः ‘माला’ ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे मर्म एकेका व्याख्यानात नव्हते, रोजच्या सातत्यात होते. आज अमुक विषय आवडला नाही तरी उद्या यायचेच, अशी सवय तिने लोकांना लावली. हीच सवय गाण्याच्या आणि नाटकाच्या बाबतीत विद्यापीठाने लावावी, एवढेच मालेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असते.

अशा मालेचा एक जुना आणि आजही चालू असलेला नमुना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बर येथे आहे. 1879 मध्ये तेथील चर्चमधून गाणारे नागरिक आणि विद्यापीठातील मंडळी हँडेलची ‘मसाया’ ही रचना गाण्यासाठी एकत्र आली आणि त्यातून 1880 मध्ये विद्यापीठाची संगीत संस्था जन्मास आली. तिचे संस्थापक हेन्री सिमन्स फ्रीझ हे संगीताचे नव्हे, लॅटिनचे प्राध्यापक होते. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. माला सुरू करायला गवई लागत नाही; ज्याला ऐकण्यावाचून राहवत नाही असा कोणीही चालतो. पुढे 1913 मध्ये त्या गावाने चार हजारांहून अधिक श्रोते बसतील असे हिल सभागृह उभारले. कॅलिफोर्नियाची कथा याहून नाट्यमय आहे. 1906 च्या एप्रिलमध्ये भूकंपाने आणि मागून लागलेल्या आगीने सॅन फ्रान्सिस्को शहर बेचिराख झाले, नाट्यगृहे जळून गेली. पुढच्याच महिन्यात खाडीपलीकडच्या बर्कली विद्यापीठाच्या उघड्या ग्रीक रंगमंडलात सारा बर्नहार्ट या थोर फ्रेंच नटीने रासीनच्या ‘फेद्र’चा प्रयोग केला. शहराला रंगमंच उरला नव्हता, तेव्हा विद्यापीठाने आपला दिला. तेथील मालेचा इतिहास त्या वर्षापासून मोजतात.

आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला. तिकडे ऐकणे आधी आले, शिकवणे नंतर. इकडे शिकवण्यालाच प्रतिष्ठा मिळवून देण्यात पन्नास वर्षे गेली. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये बडोद्यास मौलाबक्ष यांच्या हाती संगीतशाळा सोपवली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंडे यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि पुढे 1926 मध्ये लखनौचे मॉरिस कॉलेज उभे राहिले. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी संगीताला आरंभापासून दिनक्रमात स्थान दिले, आणि तेथे शास्त्रीय गाणे शिकवायला भीमराव शास्त्री हसूरकर हा आपलाच माणूस होता. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात ओंकारनाथ ठाकूर आले. 1956 मध्ये खैरागढला केवळ कलांसाठी विश्वविद्यालय निघाले आणि श्रीकृष्ण रातंजनकर त्याचे कुलगुरू झाले. एवढ्या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता तो गाणाऱ्याला समाजात मान मिळावा हा. तो पुष्कळ अंशी साधलाही. पण या धामधुमीत ऐकणाऱ्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. गायक तयार करणारी विद्यालये निघाली. श्रोता कोठे तयार व्हायचा? पूर्वी तो देवळात, दर्ग्यात, वाड्यातल्या बैठकीत, कीर्तनात आणि गणेशोत्सवात तयार होत असे. ती ठिकाणे एकामागून एक बदलत गेली.

आता आमच्या उस्मानियाकडे वळतो. मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने 1918 मध्ये हे विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण देशी भाषेतून, म्हणजे उर्दूतून, देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. आर्ट्स कॉलेजची भव्य इमारत 4 डिसेंबर 1939 रोजी खुली झाली. ती जवळून पाहिली आहे ना? कमानी मुसलमानी धाटणीच्या, आणि खांब अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची आठवण करून देणारे. निजामाच्या राज्यातील मराठवाडा असा त्या दगडात येऊन बसला आहे. पण खांबांना जी जागा मिळाली ती गाण्याला मिळाली नाही. इमारत उघडण्याच्या बरोबर एक वर्ष आधी, 1938 च्या अखेरीस, औरंगाबादेत आणि हैदराबादेत विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. शेकडो मुलांचे वर्ष बुडण्याची वेळ आली. त्यांना आसरा दिला तो नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडले. त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. मराठी त्यांना उत्तम येत असे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली.

हे मी जुनी कुरापत काढण्यासाठी सांगत नाही. ज्या राज्यात गश्ती निशाण 53 या हुकुमामुळे परवानगीवाचून सभा भरवता येत नसे, तेथे चार माणसांनी एकत्र बसून काही ऐकणे हीच गोष्ट सरकारी दप्तरात नोंदण्याजोगी होती, हे आजच्या मुलांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. विद्यापीठाच्या सभागृहात कोणीही येऊन बसावे आणि कोणीही गावे, ही आज आपल्याला साधी वाटणारी सोय आहे. ती या भूमीत साधी नव्हती.

1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. 1954 च्या नोव्हेंबरात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरवला. देशाच्या कानाकोपऱ्यातील विद्यार्थी नाचायला, गायला, नाटक करायला तंबूंत एकत्र आले. फाळणीच्या जखमा ताज्या असताना मणिपूरच्या मुलाने पंजाबच्या मुलीचे गाणे ऐकावे ही कल्पनाच मोठी होती. पुढे 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले, आणि मराठवाड्याच्या मुलांना पदवीसाठी हैदराबादकडे पाहण्याचे कारण उरले नाही. तेथेही नाट्यशास्त्राचा विभाग आला. पुण्यात 1987 मध्ये विद्यापीठाचे ललित कला केंद्र सुरू झाले आणि सतीश आळेकरांसारखा नाटककार अनेक वर्षे त्याचा प्रमुख राहिला. मुंबई विद्यापीठाने नाट्यासाठी आणि लोककलेसाठी स्वतंत्र अकादमी काढल्या. विभागांची वाट अशी रुंद होत गेली.

स्पर्धांचे तर विचारूच नका. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने 1963 पासून आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ पुरुषोत्तम करंडक सुरू केला. बी. जे. मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे, तसेच आळेकर हे या स्पर्धेच्या तालमीतून पुढे आले. मराठी रंगभूमीवर या एकांकिकांचे ऋण आहे आणि ते मान्य न करणारा कृतघ्न म्हणावा लागेल. तरीही स्पर्धेविरुद्ध माझी एक तक्रार आहे, ती बोलून दाखवतो. स्पर्धेतील प्रेक्षक हा प्रेक्षक नसतो. तो एक तर आपल्या कॉलेजचा असतो, नाही तर दुसऱ्या कॉलेजचा असतो. एक पक्ष टाळ्या वाजवायला आलेला, दुसरा चुका मोजायला. आपली एकांकिका संपली की निम्मे सभागृह बाहेर चहाला जाते. ज्याला काही जिंकायचे नाही आणि काही हरायचे नाही असा माणूस त्या सभागृहात एकच असतो, तो म्हणजे पडदा ओढणारा. करायला शिकवणारी सोय आपण उत्तम केली. परंतु दुसऱ्याचे काम तल्लीन होऊन पाहणे हेही शिक्षण आहे, याची तजवीज राहून गेली.

ती तजवीज करण्याचा स्वातंत्र्योत्तर काळातील मोठा प्रयत्न स्पिक मॅके या संस्थेचा. तिचे प्रवर्तक किरण सेठ हे यंत्रविद्येचे. खरगपूरला शिकून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधनासाठी गेले आणि तेथे त्यांनी डागर घराण्याचे ध्रुपद ऐकले. स्वदेशी असताना न भेटलेली वस्तू परदेशात भेटावी, हे आपल्या सुशिक्षितांचे जुनेच प्राक्तन. परत येऊन दिल्लीच्या आय. आय. टी. मध्ये शिकवू लागल्यावर 1977 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मैफली भरवण्यास सुरुवात केली. आरंभी श्रोते हाताच्या बोटांवर मोजावे इतके. पण त्यांनी सोडले नाही. तिकीट नाही, कलावंताला माफक मानधन, व्यवस्था विद्यार्थ्यांची, आणि गाण्याबरोबर कलावंताने थोडे समजावून सांगायचे, असा परिपाठ पडला. बिस्मिल्ला खान, बिरजू महाराज, हरिप्रसाद चौरसिया अशा थोरांनी कॉलेजांच्या सभागृहांत हजेरी लावली. सेठ यांनी तर 2022 मध्ये सत्तरी ओलांडल्यावर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सायकलवरून यात्रा आरंभली, कशासाठी तर वाटेतल्या शाळा-कॉलेजांना हे सांगण्यासाठी. लॅटिनचा प्राध्यापक आणि यंत्रविद्येचा प्राध्यापक यांच्यात नव्वदसत्त्याण्णव वर्षांचे अंतर आहे, पण जात एकच.

आता मालेचा हेतू काय, हे विचारणारे भेटतात. विशेषतः पैसे मंजूर करणारे. ‘यातून विद्यार्थ्याला काय मिळेल?’ असा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच चुकीचा नाही, कारण पैसा सार्वजनिक असतो. माझ्या अनुभवाचे एक उत्तर देतो. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात सरोदवादनाचा कार्यक्रम ठरला होता. मी श्रोता म्हणून गेलो होतो. स्वागत, परिचय, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचे मनोगत, आभारांचा आधीच उरकलेला हप्ता, यात एक तास वीस मिनिटे गेली. सरोदाचे तोंड कातड्याने मढवलेले असते. दिव्यांच्या उष्णतेत ते तापले आणि लावलेले वाद्य उतरले. वादक बिचारे पुन्हा सुरात आणत बसले. मागच्या रांगेतील मुले कुजबुजू लागली. तेव्हा ते वादक हसून म्हणाले, ‘हेसुद्धा ऐका, हेही वादनच आहे.’ आणि एकेक तार पिळताना ती कोणत्या स्वरापर्यंत आणायची आहे हे गाऊन दाखवू लागले. पंधरा मिनिटांत सारे सभागृह त्या एका तारेबरोबर वर-खाली होऊ लागले. तार जागेवर आली तेव्हा आपोआप ‘आहा’ निघाला. पुढे वाजवायला चाळीसच मिनिटे उरली. परंतु बाहेर पडताना माझ्यापुढे चालणारी एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती की बेसूर म्हणजे काय ते आज कळले. हे जे कळले ते कुठल्या प्रश्नपत्रिकेत मोजणार? आणि मोजता येत नाही म्हणून ते मिळालेच नाही, असे म्हणायचे काय?

हैदराबादच्या बाबतीत मालेला आणखी एक काम आहे आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. या शहरात तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड, मारवाडी असे सगळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात; एकमेकांच्या लग्नात जेवतात, पण एकमेकांची कला क्वचित पाहतात. एक उदाहरण देतो. आपल्या घरी लग्नानंतर खंडोबाचे जागरण घालतात. वाघ्या-मुरळी रात्रभर देवाची कथा गातात. तेलंगणात हाच देव मल्लन्ना म्हणून पुजला जातो. कोमुरवेल्लीचे त्याचे ठाणे प्रसिद्ध आहे. त्याची कथा सांगणारे ओग्गू कथेचे कलावंत ढोलाच्या आणि डमरूसारख्या ‘ओग्गू’ या वाद्याच्या साथीने गातात, नाचतात, मध्येच संवाद म्हणतात. भंडारा तोच, कथेतील दोन बायका त्याच, एक प्रतिष्ठित घरची आणि एक धनगराची. भाषा तेवढी वेगळी. एका रात्री विद्यापीठाच्या रंगमंचावर आधी जागरण आणि मग ओग्गू कथा ठेवली, तर व्याख्यानाची गरज राहणार नाही. तेलुगू मुलगा मराठी कथा पाहताना दहाव्या मिनिटाला म्हणेल, अरे, हा तर आमचा मल्लन्ना! खाजगी आयोजक हे करणार नाही, त्याला तिकिटे खपवायची असतात. देवस्थान करणार नाही, त्याला आपला देव दुसऱ्याच्या नावाने ऐकायचा नसतो. सरकारी महोत्सवात प्रत्येक राज्याला वीस मिनिटे वाटून देतात. हे करू शकते ते एक विद्यापीठच, कारण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे हा त्याचा धंदाच आहे.

शहरात जागांची उणीव नाही. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1961 मध्ये, रवींद्र भारती उभे राहिले. उस्मानियाच्या आवारातही ठाकुरांच्या नावाचे सभागृह आहे. 1974 मध्ये निघालेल्या हैदराबाद विद्यापीठाचा संसार आरंभी सरोजिनी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या घरात थाटला गेला, आणि त्यांच्याच नावाने 1988 मध्ये तेथे नृत्य, नाट्य, चित्र यांचे विद्यालय आले. पंडित जसराज यांचे वडील मोतीराम 1934 मध्ये येथेच निवर्तले. निजामाच्या दरबारी नेमणूक व्हायची त्याच दिवशी मृत्यूने गाठले, अशी हकिकत सांगतात. त्यांच्या स्मरणार्थ जसराजांनी या शहरात समारोहाची परंपरा चालवली, आणि देशभर कीर्ती झाल्यावरही तिच्यासाठी ते दरवर्षी येत राहिले. एका मुलाने बापासाठी चालवलेली माला पाच दशके टिकते आणि शेकडो प्राध्यापक असलेल्या संस्थांच्या माला चार वर्षांत आटोपतात, यात विचार करण्याजोगे काही आहे. फरक पैशाचा नसावा. तारखेचा असावा. जसराजांना तारीख चुकवणे शक्य नव्हते, ती वडिलांची होती. विद्यापीठात मात्र परीक्षा, निवडणुका, तपासणी समिती, काहीही आले की आधी पुढे ढकलला जातो तो गाण्याचा कार्यक्रम.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांमधून निवासी कलावंत असावेत असे म्हटले आहे, आणि कलेला श्रेयांक देण्याची भाषाही आता महाविद्यालयांत ऐकू येते. श्रेयांक आले की हजेरी आली, हजेरी आली की सही करून मागच्या दाराने जाणे आले. माझी सूचना जुन्या वळणाची आहे. हजेरी घेऊ नये. बक्षीस ठेवू नये. पाहुणा बोलावलाच तर त्याला श्रोत्यांत बसवावे. खुर्च्यांऐवजी जाजम अंथरावे, म्हणजे पाचपन्नास माणसे आली तरी जागा रिकामी दिसत नाही आणि दोनशे आली तरी मावतात. ध्वनिवर्धक असावा, पण कानठळ्या बसवणारा नसावा. कार्यक्रम साडेसहाला सुरू करून नऊपूर्वी संपवावा, कारण मुलींना वसतिगृहात आणि आमच्यासारख्यांना घरी परतायचे असते. आणि दर महिन्याचा एक वार पक्का करावा, समजा दुसरा शुक्रवार, आणि तो कोणासाठीही हलवू नये.

फाटकावरच्या रखवालदाराला तेवढे आधी सांगून ठेवावे. ओळखपत्र नसलेले, पिशवीत भाजी घेतलेले कोणी विद्यानगरकडून चालत आले, तर त्याला अडवू नये. तो ऐकायला आलेला असतो.